जेलचा हाजी

“माफ करा, सर. जरा बाजूला होता का?” पोलीस शिपाई मला म्हणाला आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या दाऊदच्या दंडावर त्याने हात टाकला.

मी बाजूला झालो. भिडस्त माणसाचे असेच असते. कुणी वाट मागितली की पाय आधी हलतात, आणि काय केले हे मागाहून ध्यानात येते.

केपटाउनच्या मोठ्या पोष्टात तेव्हा एकाच दालनात लाकडी पडदी उभी करून दोन भाग केलेले होते. पडदीच्या एका अंगाला ‘फक्त युरोपियनांसाठी’ अशी पाटी होती. दुसऱ्या अंगाला आम्ही बाकीचे सगळे. तिकिटे तीच, शाई तीच. १९५२ सालच्या त्या हिवाळ्यात देशभर माणसे मुद्दाम नको त्या जागी जाऊन उभी राहत होती. बाकांवर, फलाटांवर, पोष्टांत ती शांतपणे उभी राहत आणि तुरुंगात जात. आमच्या तुकडीचे कामही तेवढेच होते. गोऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे, हट म्हटले तरी हटायचे नाही, आणि पकडून घ्यायचे.

माझ्या पुढचे पकडले गेले. माझ्या मागचे पकडले गेले. मधला मी तेवढा उरलो, आणि रांगच न राहिल्यामुळे थेट खिडकीसमोर आलो. कारकुनाने चष्मा सावरला.

“या लोकांनी अगदी वैताग आणलाय. आपल्याला काय हवं, सर?”

त्या क्षणासाठी महिनाभर पाठ केलेले एक वाक्य माझ्याजवळ होते. ‘मी हिंदी आहे आणि हा कायदा मला मान्य नाही.’ पण मी दुकानात काम करणारा माणूस होतो. ‘काय हवं’ हा प्रश्न मी दिवसभर लोकांना विचारत असे, आणि त्याचे एकच प्रकारचे उत्तर असते हे माझ्या हाडीमाशी भिनले होते.

“एक तिकीट,” मी म्हणालो.

त्याने तिकीट दिले. मी आभार मानले.

बाहेर पाऊस लागला होता. टेबल माउंटनचा माथा ढगात बुडून गेला होता. पोलिसांची गाडी फुटपाथला टेकून उभी होती आणि आतून गाण्याचा आवाज येत होता. जाळीच्या झरोक्यातून दाऊदचे तोंड दिसले. त्याने मला हाक मारली.

“इदू! माझ्या गाडीवरचा कोबी आजच्या आज संपव रे! सडला तर तुझ्याकडून वसूल करीन!”

रस्त्यापलीकडची सगळी गर्दी हसली. त्या गर्दीत काळ्या छत्रीखाली रुकैया उभी होती. मी युरोपियनांच्या दारातून, हातात तिकीट धरून, एकटा बाहेर पडताना तिने पाहिले.

इथे थोडे मागचे सांगायला हवे. दाऊद मुकादम माझा मावसभाऊ. माझी आई मला जन्म देऊन गेली आणि मावशीने मला दाऊदबरोबर आपल्या अंगावर पाजले. खेडजवळच्या आमच्या गावात जगबुडी नदीच्या काठावर आम्ही दोघे एकाच पाळण्यात वाढलो. मावशीचे यजमान आफ्रिकेत भाजीचा धंदा करीत. पुढे त्यांनी कुटुंबाला बोलावून घेतले तेव्हा बंदरावरच्या अधिकाऱ्याला मावशीने आम्ही दोघेही तिचेच मुलगे असल्याचे सांगितले. अधिकाऱ्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिले होते. दाऊद काळाभोर, रुंद हाडाचा. मी गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, केसही पिंगट. कोकणात असे एखादे पोर घराघरांत निपजते आणि कुणाला त्याचे नवल वाटत नाही. केपटाउनमध्ये मात्र ते नवल होते.

रुकैया आमच्याच गल्लीतल्या कासमचाचा शिंप्याची मुलगी. सत्याग्रहींच्या दंडावर बांधायच्या काळ्या-हिरव्या-पिवळ्या पट्ट्या तीच शिवीत असे. माझी पट्टी शिवताना तिने दोरा दातांनी तोडला होता, आणि तेवढ्या आठवणीवर मी बरेच दिवस काढले होते. मी सत्याग्रहात नाव दिले त्याची कारणे मला कुणी विचारली असती तर मी न्याय, स्वाभिमान, देश असे शब्द वापरले असते. ते खोटे नव्हते. पण नावे वाचून दाखवायचे काम रुकैयाकडे होते, आणि दाऊदचे नाव वाचताना तिचा आवाज किंचित वर गेला होता. दुसऱ्या दिवशी मी माझे नाव दिले.

ती रस्ता ओलांडून माझ्यापाशी आली.

“तुझी पट्टी कुठे आहे?”

“आहे ना. कोटाच्या आत.”

“कोटाच्या आत?”

त्या सकाळी निघताना मावशीने आपल्या मयत यजमानांचा ओव्हरकोट माझ्या अंगावर चढवला होता. माझी छाती नाजूक, गार वाऱ्यात खोकला होतो, म्हणून. घरात कोट तेवढा एकच. दाऊद लोकरी बनियनवर निघाला होता आणि त्याच्या दंडावरची पट्टी अर्ध्या मैलावरून दिसत होती.

“आणि तोंड?” रुकैयाने विचारले. “तेही कोटाच्या आतच होतं?”

ती हसली असती तर बरे झाले असते.

*

खटल्याच्या दिवशी मी लवकर गेलो. प्रेक्षकांत गोऱ्यांना पुढचे बाक होते आणि बाकीच्यांना मागे वर सज्जा. आमच्या लोकांच्या सज्ज्याकडे मी वळलो तर दारावरच्या चपराशाने मला अडवले.

“सर, तिकडे नाही. आपली जागा पुढे आहे.”

“मला इकडेच बसायचं आहे.”

“तिथून काही दिसत नाही हो. आणि वासही येतो. या, मी दाखवतो.”

त्याने मला हाताला धरून नेले. मागे माणसे खोळंबली होती; मी नको म्हणत राहिलो असतो तर त्यांना आत शिरणे कठीण झाले असते. निदान मी स्वतःची तशी समजूत घातली. पुढच्या बाकावर दोन वृद्ध मडमांच्या शेजारी मी बसलो. त्यातल्या एकीने मला पेपरमिंट देऊ केले.

दाऊदला आणले. मॅजिस्ट्रेटने विचारले, “तू युरोपियनांच्या बाजूला का गेलास?”

“साहेब, पोष्टात तिकिटं विकतात असं ऐकलं होतं,” दाऊद म्हणाला. “मासे विकत असते तर गेलो नसतो. आमच्या गल्लीत ताजे मिळतात.”

सज्जा हसण्याने दणाणला. मी मान वळवून वर पाहिले. रुकैया तोंडावर पदर दाबून हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले होते. कुणी माझ्यासाठी असे डोळे भरावेत म्हणून मी काय दिले नसते! दंड भर किंवा तुरुंगात जा, असा निकाल लागला. दाऊदने दंड नाकारला. जाताना त्याने गोऱ्यांच्या बाकांकडे पाहिले, मला ओळखले, आणि एक डोळा मिचकावला.

ज्याचा हेवा वाटतो तो माणूस वाईट असता तर किती सोपे झाले असते! दाऊद वाईट नव्हता. तो मोठ्याने बोलायचा, मोठ्याने जेवायचा, भाजीच्या गाडीवरून गल्लीतल्या प्रत्येक दाराला त्याची वेगळी हाक असायची. तो तुरुंगात असताना दुपारनंतर मी ती गाडी फिरवीत असे. मला हाक मारणे जमत नसे. मी दारे ठोठावी. बायका दार उघडून आधी माझ्या मागे पाहत आणि मग विचारीत, “हाजी कधी सुटायचा?”

कारण सुटण्याआधीच त्याला हे नाव पडले होते. आमच्या जमातीत मक्केहून येणाऱ्या माणसाला सामोरे जाण्याची रीत आहे. सगळी गल्ली बंदरावर जाते, गळ्यात हार घालते, म्हातारी माणसेही त्याला मिठी मारून आपल्यासाठी दुआ मागायला सांगतात, कारण पवित्र जागेची धूळ अजून त्याच्या अंगावर असते. त्या वर्षी तुरुंगातून सुटणाऱ्यांनाही लोक असेच सामोरे जाऊ लागले. पहिल्यांदा कुणीतरी थट्टेत म्हणाले, “हा आमचा जेलचा हाजी!” मग ती थट्टा राहिली नाही.

दाऊद सुटला त्या सकाळी मीही तुरुंगाच्या फाटकाशी होतो. अडर्ली स्ट्रीटवरच्या फुलवाल्या बायकांनी टोपल्या भरभरून फुले फुकट दिली होती. दाऊद बाहेर आला. वाळला होता, डोके भादरलेले होते, आणि हसत होता. कासमचाचा, ज्यांनी जन्मात कुणापुढे मान लववली नव्हती, त्यांनी त्याचे हात हातांत घेऊन कपाळाला लावले. “बेटा, माझ्यासाठी दुआ कर.”

“चाचा, आत मी एकच दुआ मागत होतो,” दाऊद म्हणाला, “लापशीत मीठ पडू दे म्हणून.”

रुकैयाने हार मावशीच्या हातात दिला आणि मावशीने तो त्याच्या गळ्यात घातला. चालरीत पाळायची म्हणून तसे केले. पण तो हार कुणी ओवला होता ते सगळ्यांना ठाऊक होते.

“काय साहेब,” माझ्या गळ्यात पडत दाऊद कानाशी म्हणाला, “कोबी संपला?”

गल्लीतली पोरेही मला तेव्हापासून ‘साहेब’ म्हणू लागली. दाऊदला हाजी आणि मला साहेब. दोन्ही थट्टेची नावे, पण एक दिवसेंदिवस खरे होत गेले आणि दुसरे दिवसेंदिवस खोटे. त्याच्या दगड फोडून घट्टे पडलेल्या तळव्यांकडे रुकैया पाही. पाटीवर बोट ठेवावे तसे एकदा तिने त्या घट्ट्यावर बोट ठेवले. मी तिथेच बसून चहा पीत होतो. माझे तळवे मऊ होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

*

मी दुसऱ्या तुकडीत नाव दिले. पण उन्हाळा आला आणि सरकारने नवा कायदा आणला. निषेध म्हणून कुठलाही क्षुल्लक नियम मोडला तरी भारी दंड, लांब मुदतीची कैद, आणि वर फटके. सभांना बंदी आली. पुढाऱ्यांना घरांत कोंडले. एका संध्याकाळी कासमचाचांनी उरलेल्या पट्ट्या चुलीत घातल्या. रंगीत कापड जळाल्याचा उग्र वास गल्लीभर पसरला. मोहीम थांबल्याचे सांगण्यात आले.

सगळे हळहळले. माझे दुःख निराळे होते. दार माझ्या तोंडावर मिटले होते. आत जाऊन आलेले आत जाऊन आले, आणि मी जन्मभर पोष्टातून तिकीट घेऊन परतलेला माणूस राहणार होतो.

मी दाऊदला गाठले. तो अंगणात गाडीच्या चाकाला तेल देत होता.

“उद्या मी बागेत जाणार आहे,” मी म्हणालो. “गोऱ्यांच्या बाकावर बसणार.”

“मोहीम थांबलीय.”

“माझी सुरूच झाली नाही.”

त्याने तेलाचा डबा खाली ठेवला. “फटके मारतात आता, इदू.”

“ठाऊक आहे.”

“तुला ठाऊक नाही. मी आत असताना एकाला मारलेले ऐकलेत. बघू देत नाहीत. पण ऐकू येतात.”

“तुरुंगावर काय तुझ्या एकट्याचा हक्क आहे?”

हे शब्द मी योजले नव्हते. ते बाहेर पडले. दाऊदने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होते ते मला तेव्हा वाचता आले नाही.

“मग माझ्याकडे कशाला आलास? जा आणि बस.”

“मी बसलो तर कुणी मला उठवत नाही. सांगितलं तरी विश्वास ठेवत नाहीत. तू बरोबर चल. लांब उभा राहा. पोलीस आला की एवढंच सांग, की हा माझा भाऊ आहे. तुला पाहिल्यावर त्यांना पटेल.”

“म्हणजे मी साक्षीदार.”

“हो.”

“मला पाहिल्यावर त्यांना पटेल,” तो पुटपुटला. मग हसला आणि तेलाने माखलेले हात चिंधीला पुसले. “बरं. येतो.”

*

‘कंपनीची बाग’ म्हणतात त्या शहरातल्या जुन्या बागेत ओकची झाडे आहेत आणि त्यांच्या खाली हिरवे रंगवलेले बाक. वारा पडला होता. खारी पायवाटेवर उतरून माणसांच्या हातांकडे पाहत होत्या. मी पाटी वाचली आणि बाकावर बसलो. कोट घातला नव्हता. दाऊद फुलझाडांच्या वाफ्यापाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला, एखाद्या माळ्यासारखा.

पोलीस आला. तरुण होता, माझ्याच वयाचा. मला मानेने अभिवादन करून तो पुढे जाऊ लागला.

“थांबा,” मी म्हणालो. माझा आवाज फुटला, पण निघाला. “मी हिंदी आहे. हा बाक माझ्यासाठी नाही. मी मुद्दाम बसलो आहे. मला पकडा.”

त्याने मला न्याहाळले आणि तो हसला. “सर, सकाळी सकाळी जास्त झालेली दिसते. घरी जा.”

“मी प्यायलेलो नाही. मी मुसलमान आहे, मी पीत नाही. कोकणातला आहे मी. त्याला विचारा. तो माझा भाऊ आहे.”

पोलिसाने दाऊदकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा दाऊदकडे. बंदरावरच्या अधिकाऱ्याने पाहिले होते तसेच.

“ए, इकडे ये. तू या गृहस्थांना ओळखतोस?”

दाऊद जवळ आला. तो माझ्यासमोर उभा होता, हात लांबवला तर शिवता येईल इतका जवळ. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिले.

“नाही, बास,” गोऱ्या मालकाला म्हणतात तसे तो म्हणाला. “या साहेबांना मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही.”

मला वाटले तो थट्टा करतो आहे. मी त्याच्या हसण्याची वाट पाहिली. तो हसला नाही.

“दाऊद!” मी आमच्या बोलीत ओरडलो. “तुला दुधाची आण आहे! खरं काय ते सांग!”

पोलिसाने कुतूहलाने मान वाकडी केली. “ही कुठली भाषा, सर? पोर्तुगीज का?”

तेवढ्यात दाऊदने टोपी डोक्यावर ठेवली, दोन पावले टाकली, आणि माझ्या शेजारी बाकावर बसला. पाय पसरून, ऐसपैस.

“बाक मात्र झकास आहे,” तो म्हणाला. “मी हिंदी आहे, बास. आणि तुमचा कायदा मला मान्य नाही.”

माझे वाक्य. मी पाठ करताना त्याने घरात शंभरदा ऐकलेले.

पोलिसाने शिट्टी फुंकली. दुसरा धावत आला. त्यांनी दाऊदला ओढून उठवले, आणि मी मध्ये पडलो तेव्हा पहिला मला हळुवारपणे दूर सारत म्हणाला, “तुम्हाला त्रास झाला, सर. आता आम्ही पाहून घेतो.”

मी ठाण्यावर गेलो. तिथल्या हवालदाराने सांगितले, हिंदी असाल तर कागद आणा. मी धावत घरी जाऊन बंदरावरचा जुना दाखला आणला. त्याने तो उलटसुलट वाचला, माझ्या चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि परत दिला. “असाल. पण बाकावर एकच माणूस बसला होता, अशी नोंद आहे. दुसऱ्याबद्दल तक्रार नाही.”

खटला चटकन उरकला. जुना गुन्हेगार, त्यात नवा कायदा. थोडी कैद आणि फटके.

ते दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येत नाही. लोकांना दाऊदबद्दल काळजी होती. मी माझ्या खोलीत बसून त्याच्याशी भांडत होतो. त्याने माझ्या तोंडचा घास पळवला होता. एकदा जेल भोगून त्याचे भागले नव्हते. हार त्याला, दुआ त्याला, रुकैयाचे डोळे त्याला, आणि माझ्या वाट्याला जी एक गोष्ट येत होती तीही त्यालाच हवी होती. रुकैया एकदा विचारायला आली, “तो तिथे कशाला गेला होता? तू होतास ना बरोबर?” मी सगळे सांगितले. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढेच म्हणाली, “तुला पकडलं नाही म्हणून तुला वाईट वाटतंय. त्याला पकडलं म्हणून नाही.” पुढे तिचा आणि दाऊदचा निकाह झाला तेव्हा साक्षीदार म्हणून मी सही केली. ती सही मी मनापासून केली. पण मन तिथवर येण्याआधी जे घडले ते सांगायचे राहिले आहे.

दाऊद सुटला तेव्हा फाटकाशी कुणी नव्हते. चार माणसे जमली तरी पोलीस हुसकावीत. फुले नव्हती. मी आणि मावशी त्याला भाजीच्या गाडीवर पालथे निजवून घरी घेऊन आलो. पाठ पिकली होती. सदरा फाडून नव्हे, भिजवून काढावा लागला.

मावशी पाणी तापवायला गेली. मी खाटेशी बसलो. त्याचे तोंड उशीत होते. त्या पाठीकडे पाहताना माझ्या मनात कणव होती. पण खाली, अगदी तळाशी, अजून तीच जुनी गोष्ट जिवंत होती. हे वळ माझे होते, असे मला वाटत होते.

“मला का नाकारलंस?” मी विचारले.

त्याने तोंड उशीत आणखी खुपसले.

मावशी वाडगा घेऊन आली. कोमट पाण्यात मीठ होते. कापसाने ती एकेक वळ टिपू लागली. प्रत्येक स्पर्शाला दाऊदचे खांदे आखडत आणि प्रत्येक वेळी मावशीच्या तोंडून ‘या अल्ला’ निघे. तिचे डोळे वाहत होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि ओला हात माझ्या गालावरून फिरवला.

“अल्लाने राखलं रे बाबा,” ती म्हणाली. “तुझ्या पाठीवर पडले असते तर? तुझं कातडं म्हणजे दुधावरची साय. एकेक वळ जन्मभर दिसला असता. याचं काय, काळ्यावर काळं. चार महिन्यांनी कळायचंसुद्धा नाही.”

हे ती मायेने बोलली. पुन्हा सांगतो, मायेने. मग पाणी गार झाले म्हणून वाडगा घेऊन स्वयंपाकघरात गेली.



“ऐकलंस?” तो उशीतूनच म्हणाला.

“दाऊद...”

“तिचा राग नाही मला. ती तर माझी अम्मा. बंदरावर उतरलो तेव्हा तिने तुला कडेवर घेतलं होतं, आठवतं? केवढा घोडा झाला होतास! लोकांनी बघावं म्हणून. मी बोचकं धरून मागून चालत होतो.” तो थांबला. श्वास घेतला. “पोष्टात त्या पोलिसाने तुला बाजूला केलं आणि मला धरलं. तुला सोडून मला कुणी निवडलं, असं जन्मात पहिल्यांदाच झालं, इदू. मग तुला तेही हवं झालं.”

बाहेर कुणाची तरी गाडी दगडांवरून खडखडत गेली.

“म्हणून नाकारलंस?”

“म्हणूनही. आणि तुझी पाठ मला बघवली नसती, म्हणूनही. दोन्ही खरं आहे. मला त्यातलं एक निवडायला सांगू नको, पाठ दुखते.”

मी कापूस उचलला. मावशीने टिपायचे सोडलेल्या जागेवर तो टेकवला. त्याचे अंग थरथरले आणि शांत झाले.

“मी वर्षभर तुझा हेवा करत होतो,” मी म्हणालो.

तो हसला. हसण्याने पाठीला ओढ बसली आणि तो कळवळला, तरी हसायचा थांबला नाही. मग त्याने मान वळवून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिले.

“वर्षभर?” तो म्हणाला. “मी जन्मल्यापासून तुझा करतोय. तू एक वर्ष केलास, तर एवढं तोंड का पाडतोस?”